अक्काला विचारा : साबण कापायचे व्हिडिओ, नानांचा माग आणि शंभर वर्षांपूर्वीची येडी मंडळी

यावेळचं पत्र असं आहे, थोडं कापून देतेय आणि नाव त्याच्याच सांगण्यावरून काढलंय:

"अक्का, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, वय २४, एका मेडिकल एजन्सीत बिलिंगला आहे. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन पडतो आणि साबण कापायचे, प्रेसखाली काय काय चिरडायचे, मळके गालिचे धुवायचे, लेथवर लोखंड सोलायचे असले व्हिडिओ बघत बसतो, एक-दीड कधी वाजतो कळत नाही. नाना टीव्ही लई मोठ्यानं लावतात म्हणून इअरफोन घालूनच बघतो. नानांचे आधी चार माग होते, आता दोन राहिलेत. मागच्या महिन्यात मी त्यांच्या मागाचं एक रील केलं, स्लो मोशनमध्ये आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, चादरीतला मोर हळूहळू तयार होतोय, खाली लोफाय म्युझिक. व्ह्यूज चांगले आले, लोकांनी 'सो सॅटिस्फाइंग', 'बघता बघता झोप लागली' असल्या कमेंटी टाकल्या. नानांना दाखवलं तर म्हणाले 'हा आपला माग न्हवं' आणि तेव्हापासून नीट बोलेनात. आर्टला असलेला माझा दोस्त म्हणतो की शंभर वर्षांपूर्वी युरोपात फ्यूचरिस्ट लोक हेच करायचे, मशीन आणि मूव्हमेंट, तू तर अवाँ-गार्द आहेस बे. मला काही कळलं नाही पण बरं वाटलं. तर अक्का, हे व्यसन आहे का, दोस्त खरं बोलतोय का, नाना का रुसले, आणि नोकरी सोडून हेच करू का?"

भावा,

चार प्रश्न एका दमात टाकलेस, त्यातला पहिला उरकून टाकते कारण तो सगळ्यात सोपा आहे. व्यसन-बिसन काही नाही, झोप बुडतेय एवढाच लोचा आहे. साबणाची करकर, ब्रश घासल्याचा आवाज, कुणीतरी कानात कुजबुजल्यासारखं बोलणं, हे ऐकून काही लोकांच्या टाळूपासून मानेपर्यंत गोड मुंग्या येतात, त्याला एएसएमआर म्हणतात, हे नाव २०१० मध्ये जेनिफर अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन बाईनं पाडलं. २०१८ मध्ये शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तपासलं तर ज्यांना अशा मुंग्या येतात त्यांचे हृदयाचे ठोके असे व्हिडिओ बघताना मिनिटाला साधारण तीनानं कमी झाले, ज्यांना येत नाहीत त्यांच्यात एवढा फरक पडला नाही. म्हणजे तुला जे बरं वाटतं ते खोटं नाही, अंगाला खरंच आराम मिळतो. फक्त एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप चालू होतो आणि तो तुझ्या झोपेसाठी नाही, त्या अ‍ॅपच्या धंद्यासाठी होतो. अकराला चार बघ आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, झालं. यावर अजून प्रवचन द्यायची मला हौस नाही.

आता तुझा दोस्त. अवाँ-गार्द म्हणजे काळाच्या पुढं जाऊन काहीतरी नवं करणारे कलाकार. दोस्त अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा त्यानं एकतर वाचला नाही नाहीतर तुला खूश करायला गाळला.

फ्यूचरिस्ट म्हणजे इटलीची कलाकार मंडळी, म्होरक्या मारिनेट्टी नावाचा कवी. हा पैसेवाला गडी १९०८ मध्ये मिलानजवळ गाडी पळवत होता, समोर दोन सायकलवाले आले, त्यांना चुकवताना गाडी उलटून खड्ड्यात. आपल्याकडं माणूस खड्ड्यात गेला तर रस्त्याच्या नावानं शिव्या घालतो, ह्यानं जाहीरनामा काढला, तोही कुठं तर २० फेब्रुवारी १९०९ ला पॅरिसच्या 'ल फिगारो' पेपरच्या पहिल्या पानावर, की घों घों करत सुटलेली मोटार ही जुन्या ग्रीक पुतळ्यांपेक्षा सुंदर आहे, वेग हेच नवं सौंदर्य, म्युझियमं पाडून टाका. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या चित्रकारांनी लिहिलं की पळणाऱ्या घोड्याला चार नाही, वीस पाय असतात. ऐकायला येडेपणा वाटतो पण तू कधी फोननं पळत्या बसचा फोटो काढलास तर कळेल ते काय म्हणतायत. १९१२ मध्ये त्यांच्यातल्याच बाल्लानं एका बुटक्या कुत्र्याचं चित्र काढलं, मालकीणबाईबरोबर फिरायला निघालंय, पायांच्या जागी पायांचा नुसता झुपका, साखळी चार ठिकाणी, शेपूट सगळीकडं. ही युक्ती त्याला मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या फोटोंवरून सुचली, तो एकाच काचेवर माणसाच्या चालण्याचे एकामागून एक फोटो घ्यायचा. आणि त्याच टोळक्यातला सगळ्यात गुणी बोच्चोनी, मशीनचं एवढं गुणगान करून १९१६ मध्ये लष्करी ट्रेनिंगला असताना गेला तो घोड्यावरून पडून. असो.

तर मशीन आणि मूव्हमेंट हे खरं आहे, दोस्त इथपर्यंत बरोबर. पण त्यांना बघणाऱ्याला झोपवायचं नव्हतं, खडबडून उठवायचं होतं, त्यांच्या कार्यक्रमांना लोक टोमॅटो फेकायचे आणि त्यांना त्यातच मजा यायची. शिवाय त्याच जाहीरनाम्यात युद्ध म्हणजे जगाची साफसफाई असं लिहिलंय, बायकांबद्दल तुच्छतेनं लिहिलंय, आणि मारिनेट्टी पुढं मुसोलिनीच्या मागं गेला. दोस्तानं तुला 'तू फ्यूचरिस्ट आहेस' म्हटलं तर शिवी द्यायची गरज नाही, पण छाती फुगवायची पण गरज नाही.

तुझ्या रात्रीच्या बघण्याला जवळचा माणूस दुसराच आहे, मार्सेल द्युशाँ नावाचा फ्रेंच कलाकार. ह्यानं १९१३ मध्ये स्वयंपाकघरातल्या साध्या स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं आणि ते नुसतं फिरवत बसायचा. का, तर नंतर तो म्हणाला की शेकोटीतल्या ज्वाळा बघायला जसं बरं वाटतं तसं ते फिरणारं चाक बघायला बरं वाटायचं. बस, एवढंच, तत्त्वज्ञान नाही काही नाही. आता हे तुझ्या गालिचा धुवायच्या व्हिडिओपेक्षा काय वेगळं आहे सांग बरं?

आणि त्याच्याही आधी सिनेमाच मुळात असा सुरू झाला हे दोस्ताला सांग. फ्रान्समध्ये सिनेमा सुरू करणाऱ्या ल्युमिएर बंधूंची १८९६ ची एक फिल्म आहे, कामगार एक भिंत पाडतात, धूळ उडते, संपलं. ती दाखवताना मग उलटी फिरवायचे, म्हणजे धुळीतून भिंत उठून उभी राहायची आणि लोक वेडे व्हायचे. आज तुझ्या फीडमध्ये फुटलेला कप आपोआप जुळतो ना, तीच आयडिया, सव्वाशे वर्षं जुनी. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला सिनेमा दाखवला त्या यादीत ही भिंत पाडायची फिल्म पण होती. आणि आपले दादासाहेब फाळके, राजा हरिश्चंद्र काढायच्या आधी त्यांनी काय केलं माहितीये का, कुंडीत वाटाणा लावला आणि तो रोज थोडा थोडा कॅमेऱ्यात घेत राहिले, की पडद्यावर कोंब फुटून वेल सरसर वर जाताना दिसावा. १९१२ ची 'अंकुराची वाढ'. ती बघून त्यांना सिनेमासाठी कर्ज देणारा माणूस तयार झाला. म्हणजे भारतीय सिनेमाला पहिलं भांडवल मिळालं ते एका सॅटिस्फाइंग व्हिडिओवर, हे मी जरा ताणून म्हणतेय पण फार नाही.

त्यामुळं हलणारी वस्तू टक लावून बघायचा आनंद हलका नाही, कुणाच्या बापाला लाजायचं कारण नाही. मला खटकतं ते वेगळंच. १९१७ मध्ये रशियात श्क्लोव्हस्की नावाच्या तरण्या पोरानं एक लेख लिहिला, त्यात तो म्हणतो की सवयीमुळं आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात, वस्तू, कपडे, फर्निचर, बायको, युद्धाची भीती, सगळं सवय खाऊन टाकते, आणि कला कशाला असते तर दगड पुन्हा दगडासारखा वाटावा म्हणून, जरा अडकून, जरा वेळ लावून बघायला लावायला. आता तू आठव, साबण कापायचा तू बघितलेला पहिला व्हिडिओ. धुवायचा साबण, रोज हातात असतो, त्याचे असे पापुद्रे निघतात, त्याच्यात असा रंग असतो, पाती फिरली की असा चुरा पडतो हे तू जन्मात पहिल्यांदा बघितलंस, तेव्हा तो साबण साबणासारखा दिसला. पण आज रात्रीचा साबण तुला दिसतो का? नाही दिसत. डोळा नुसता उघडा असतो. पहिला व्हिडिओ कला होता म्हणायला माझी हरकत नाही, पण त्याच्यानंतरचे सगळे ही सवय आहे, श्क्लोव्हस्की ज्याच्या नावानं खडे फोडत होता तीच.

फर्नां लेजे नावाच्या चित्रकारानं १९२४ मध्ये 'बॅले मेकॅनिक' म्हणून छोटी फिल्म केली, गोष्ट नाही, नुसते पिस्टन, झाकणं, फेटायची रवी, फिरणारे काचेचे गोळे. त्यात एक धोबीण खांद्यावर गाठोडं घेऊन दगडी जिना चढते, वर पोचते आणि परत खालून चढायला लागते, परत, परत, परत. हे आजचं लूप आहे हुबेहूब. पण तुझ्या रीलमध्ये लूपचा सांधा लपवलेला असतो, कुठं संपलं कुठं सुरू झालं कळू नये म्हणून, आणि लेजेनं तो सांधा मुद्दाम उघडा ठेवला. बघणाऱ्याचा डोळा आता बास म्हणेपर्यंत दाखवत राहायचं असं त्यानं ठरवून केलं होतं. पहिल्या दोन-तीन वेळा हसायला येतं, मग कंटाळा येतो, आणि मग एकदम लक्षात येतं की अरे ही बाई आहे, हिच्या खांद्यावर वजन आहे, ही कधीच वर पोचणार नाही.

इथून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडं येते. नाना.

तू काय केलंस बघ. धोट्याचा वेग कमी केलास, मागाचा आवाज काढलास आणि त्या जागी म्युझिक टाकलंस, आणि फ्रेममध्ये माणूस एक पण नाही. धागा तुटत नाही, धोट्यातली सुताची कांडी संपत नाही, माग थांबत नाही. मग मागावर जन्म गेलेल्या माणसाला तू ते दाखवलंस आणि तो म्हणाला हा आपला माग नाही. खरंच बोलले की ते! रुसले वगैरे तू लावलेला अर्थ आहे.

मागावरच्या माणसाला दिसतं ते तू कापून टाकलेलं सगळं. कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी भरलेली कांडी बसवायची, आणि जुन्या मागांवर तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचे, कापसाची सगळी तूस नाकातोंडात. उभा धागा तुटला आणि वेळेवर दिसला नाही तर तुझ्या मोराच्या मानेत रेघ पडणार आणि ती चादर सेकंडमध्ये जाणार, भाव पडणार. म्हणून डोळा सारखा फणीवर आणि कान सारखे मागावर, कारण बिघाड आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पट्टा सैल झाला, धोटा पेटीत नीट बसेना, की ठोका बदलतो. तू तोच ठोका काढून टाकलास. नानांना तुझा व्हिडिओ म्हणजे नाडी नसलेला पेशंट वाटला असणार.

हाच घोळ एका मोठ्या माणसानं आधी घालून ठेवलाय म्हणून तुला फार बोलत नाही. झिगा व्हर्टोव्ह, रशियन, डॉक्युमेंटरीवाल्यांचा देव. १९२२ च्या जाहीरनाम्यात ह्यानं लिहिलं की माणसाला मशीनसारखं नेमकं हलता येत नाही, म्हणून आम्ही काही काळासाठी माणसाला सिनेमातून बाहेर काढतोय. म्हणजे तुझंच रील. पण त्याच माणसाची १९२९ ची 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' बघ, नेटवर फुकट सापडते, मूकपट आहे त्यामुळं भाषेची कटकट नाही. त्यात सुतगिरणी आहे, चात्या गरगर फिरतायत, आणि त्या चात्यांवर काम करणाऱ्या बाईचा चेहरा त्याच फ्रेममध्ये मिसळलाय. एक पोरगी सिगारेटची पाकिटं दुमडतेय, हात एवढे झपाझप चालतात की आजचा कुठलाही फास्ट हँड्सवाला व्हिडिओ फिका पडेल, पण ती पोरगी हसतेय, बोलतेय, तुला तिचं तोंड लक्षात राहतं. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मध्येच पळता घोडा जागच्या जागी थांबतो, सिनेमा गोठतो, आणि दिसतं काय तर एलिझावेटा स्विलोव्हा, व्हर्टोव्हची बायको आणि ह्याच फिल्मची एडिटर, टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या बघतेय, कापतेय, जोडतेय. म्हणजे जिनं ही मूव्हमेंट जोडली तिचे पण हात दाखवले. कॅमेरा पण कामगार, एडिटर पण कामगार, आणि विणकर पण.

ती सिगारेटवाली पोरगी बघून मला आपल्या विडीवाल्या बायका आठवतात, कुणाला आठवणार नाहीत सोलापुरात. मांडीवर सूप, पान पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक बोटानं आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा, आणि हे सगळं शेजारणीशी भांडत भांडत. ह्याचं कुणी क्लोजअपमध्ये रील केलं तर मिलियन व्ह्यूज, नुसते हात, चेहरा नाही, खाली बासरी. पण तो वेग शोभेचा नाही ना बाबा. मजुरी हजारावर मिळते, आणि खराब विड्या बाजूला काढल्या जातात, वेग आला तो तिथून. फ्यूचरिस्ट लोक वेगाच्या आरत्या ओवाळत होते साधारण त्याच काळात अमेरिकेत गिलब्रेथ नवरा-बायको कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून हात कसा फिरतो त्याचे फोटो काढत होते, अंधारात प्रकाशाच्या रेघा, दिसायला एकदम चित्रासारखे, आणि कशासाठी तर कुठली हालचाल फालतू आहे ती काढून टाकायला. फोटो सुंदर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण हात कुणाचा हे त्यात पण दिसत नाही.

आता जरा कानाचं बोलू, कारण तुझ्या पत्रात एक ओळ तू सहज टाकून गेलास आणि मला तीच सगळ्यात जास्त लागली. नाना टीव्ही मोठ्यानं लावतात.

त्याच इटालियन टोळक्यात रुस्सोलो नावाचा चित्रकार होता. ११ मार्च १९१३ ला त्यानं एका संगीतकार मित्राला लांबलचक पत्र लिहिलं की व्हायोलिन-बियोलिन पुरे झालं, आता ट्राम, मोटारी, कारखाने ह्यांचा गोंगाट हेच संगीत. नुसतं लिहून थांबला नाही, कर्ण्यासारख्या तोंडाच्या मोठाल्या पेट्या बनवल्या, दांडा फिरवला की घरघर, खरखर, शिट्टी, आणि १९१४ मध्ये मिलानला त्यांचा कार्यक्रम केला, तिथं हाणामारी झाली ती वेगळी. एएसएमआरवाल्यांचा पणजोबाच समज, आवाजाला आवाज म्हणून चाटून पुसून ऐकणारा. आणि ७ नोव्हेंबर १९२२ ला अझरबैजानमधल्या बाकू शहरात अव्रामोव्ह नावाच्या गड्यानं तर अख्खं शहर वाजवलं, गिरण्यांचे भोंगे, बंदरातल्या बोटींचे भोंगे, तोफा, आणि हा उंचावरून झेंडे हलवून सगळ्यांना इशारे देतोय. आपल्याकडं १८७७ ला जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून पुढं कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर जेवल्या. आपल्या आज्यांना भोंगा म्हणजे सिंफनी वगैरे काही नव्हतं, उशीर झाला तर दाराबाहेर उभं राहावं लागायचं.

सांगायचं काय की आवाज हौसेनं ऐकणारा वेगळा आणि आवाजात बारा तास उभा राहणारा वेगळा. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि वर्षानुवर्षं त्यात राहिलं की कानातल्या बारीक पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं पण स, फ, त, च असली अक्षरं निसटतात, मग माणूस टीव्ही वाढवतो, फोनवर 'आँ? आँ?' करतो, आणि हळूहळू बोलणंच कमी करतो. तुला वाटतंय ते रीलमुळं बोलत नाहीत. कदाचित अर्धं रीलमुळं असेल, अर्धं त्यांना तू इअरफोन घालून पुटपुटतोस ते ऐकूच येत नसेल. सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत घेऊन जा, ऑडिओमेट्री म्हणून तपासणी असते, दुखत नाही काही नाही, बटण दाबायचं असतं. लागलं तर मशीन मिळेल कानाचं. आणि मागावर जाताना इअरप्लग, ते 'आता काय उपयोग' म्हणतील, उपयोग असा की राहिलंय ते राहील. तू पण इअरफोनचा आवाज निम्म्यावर आण.

मग रीलचं काय करायचं? नवीन कर, पण आधी नानांना विचार. आधी विचार म्हणजे खरंच विचार, 'काय दाखवू?' म्हणून विचार, नुसतं 'काढू का?' नाही. मी असते तर म्युझिक अजिबात टाकलं नसतं आणि स्लो मोशन पण नाही, मागाचा आहे तो वेग आणि आहे तो खडखडाट, फोनच्या माइकला झेपेल तेवढा. एक कांडी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकच शॉट, कट नाही. कांडी संपते, माग थांबतो, एकदम शांत होतं, आणि तिथं नानांचा हात फ्रेममध्ये येतो. लोक तिथं स्क्रोल करतील, करू देत. मग वर जा, जेकार्डकडं, म्हणजे मागाच्या वरच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्राकडं. तुझा तो मोर आधी वरच्या पुठ्ठ्यांच्या भोकांमध्ये असतो हे कुणाला माहिती नसतं, एक भोक म्हणजे एक धागा उचलायचा, ही युक्ती जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ मध्ये केली आणि पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी भोकाचं कार्ड तिथूनच उचललं. ते पुठ्ठे एकेक करून फिरतात आणि खाली मोराला पीस फुटतं, ह्याच्यासारखं सॅटिस्फाइंग मला तरी जगात दुसरं दिसलं नाही, आणि ते समजून बघायला मिळतं हे वर. पुठ्ठे कोण पाडतं, त्याला पण गाठ.

एक अजून, मारिनेट्टीच्याच डोक्यातून निघालेलं पण ह्यावेळी निरुपद्रवी. १९२१ मध्ये त्यानं स्पर्शाची कला म्हणून जाहीर केलं, फळ्यांवर सँडपेपर, स्पंज, लोकर, रेशीम, मखमल, पिसं चिकटवली आणि लोकांना म्हणाला बघू नका, हात फिरवा. तुझे सगळे व्हिडिओ हेच विकतात ना, स्पर्श, पण बोटाखाली काय लागतं तर काच. तुझ्या घरात तर खरा माल पडलाय. आपल्याकडं गिऱ्हाईक चादर घेताना काय करतं, कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळतं, मग उजेडात धरून वीण बघतं, मग उलटी करून मागची बाजू. नवी चादर कडक लागते आणि धुता धुता मऊ पडत जाते. ते चोळणं दाखव, आवाजासकट, तुझ्या एएसएमआरवाल्या पब्लिकला पण मुंग्या येतील.

शूटिंग करताना धोट्याच्या रेषेत फोन किंवा डोकं नेऊ नकोस, धोटा कधीकधी पेटीतून उडतो आणि लागला तर कायमचं नुकसान होतं, नाना रागावतील ते वेगळंच. शेजारच्या शेडमधल्या कामगारांना घेतलंस तर त्यांना विचारून घे, आणि व्हिडिओ टाकायच्या आधी दाखव.

राहिला नोकरीचा प्रश्न. त्याच द्युशाँची गोष्ट सांगते. १९३५ मध्ये त्यानं पुठ्ठ्याच्या गोल चकत्या छापल्या, रंगीत वर्तुळं आणि चक्रं, ग्रामोफोनवर ठेवून फिरवल्या की सपाट चित्र खोल दिसायचं, फुगायचं, श्वास घेतल्यासारखं वाटायचं. रोटोरिलीफ नाव ठेवलं, ५०० संच काढले. आणि पॅरिसला नवनवीन शोध लावणाऱ्यांची जत्रा भरते तिथं स्वतः स्टॉल लावून बसला, विसाव्या शतकातला एवढा मोठा कलाकार. त्याचा मित्र रोशे यानं लिहून ठेवलंय की स्टॉलच्या एका बाजूला कचरा दाबायचं मशीन होतं आणि दुसऱ्या बाजूला भाजी झटपट चिरायचं. सगळ्या चकत्या फिरतायत, आणि लोक येतात, एक नजर टाकतात, आणि भाजीच्या मशीनकडं जातात. माल जवळजवळ काहीच खपला नाही, आणि गडी रडला नाही, कारण पोट त्यावर अवलंबून नव्हतं. आणि आज तुझ्या फीडमध्ये काय आहे, कचरा दाबायचं मशीन आणि भाजी चिरायचं! तेव्हा बिलिंग सोडू नकोस बे. व्ह्यूज म्हणजे पगार नाही, आणि दोन मागांवर नानांचं किती सुटतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. सुट्टीच्या दिवशी शूट कर, आणि रीलखाली चादर कुठं मिळेल तो पत्ता आणि भाव लिही, मागच्या वेळी एवढ्या लोकांनी मोर बघितला आणि विकत घ्यायचा कुठून हे तू एकाला पण सांगितलं नाहीस.

— अक्का